व्हेज कोनी डॉग घरी करायचाय? मग आधी हा बिनमांसाचा चिली सॉस शिकून घ्या

मिशिगनमध्ये नवीन राहायला आलं की पहिल्या महिना-दोन महिन्यांतच ऑफिसातलं कोणीतरी म्हणतं, चला आज जेवायला कोनीला जाऊ. कोनी म्हणजे एकाच हॉटेलचं नाव नाही, आपण कसं 'उडप्याकडे जाऊ' म्हणतो ना, अगदी तसं. डेट्रॉइटच्या आसपास प्रत्येक उपनगरात एकदोन तरी कोनी असतातच, बरीचशी ग्रीक कुटुंबांनी सुरू केलेली, साधी, स्वस्त, पोटभर जेवण देणारी. आणि तिथे शाकाहारी माणसाच्या वाट्याला काय येतं तर फ्राइज, ग्रिल्ड चीज सँडविच, ग्रीक सॅलड. (लेमन राइस सूप बघून खूश होऊ नका, दिसतं साधं लिंबू-भाताचं पण असतं चिकन स्टॉकमधलं.) समोर बसलेला मात्र वाफाळता कोनी डॉग, म्हणजे लांबट पावात सॉसेज घातलेला हॉट डॉग, खात असतो, वर तो लालसर-तपकिरी सॉस, पिवळ्या मस्टर्डची (मोहरीच्या सॉसची) रेघ, मूठभर बारीक चिरलेला कांदा, आणि त्याचा जो वास येतो त्यानेच भूक खवळते.

मी जन्मापासून शाकाहारी, त्यामुळे खरा कोनी डॉग कधी खाल्ला नाही आणि खाणारही नाही. पण गेली काही वर्षं हा सॉस मी बिनमांसाचा करतोय, आमच्या गल्लीतल्या उन्हाळी कुकआउटला नेतोय आणि इथेच जन्मलेले, लहानपणापासून कोनी खाल्लेले शेजारी दुसऱ्यांदा मागून घेतात. म्हणून नवीन करणाऱ्यांसाठी सगळं नीट लिहून काढतोय, कारण यात चुका कुठे होतात ते मला आता चांगलं माहीत झालंय.

आधी हे समजून घ्या की हा सॉस आहे तरी काय

'चिली सॉस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चायनीजच्या गाडीवरची लाल बाटली येते. ते डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत चिली म्हणजे मुळात टेक्सस भागातला मांस आणि सुक्या मिरच्यांचा रस्सा, आणि हॉट डॉगवर घालायचा चिली सॉस हा त्याचा लांबचा भाऊ. लांबचा अशासाठी की कोनी सॉस टेक्ससवाल्यांनी नाही तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीस आणि मॅसेडोनियातून आलेल्या लोकांनी बनवला. डेट्रॉइट डाउनटाउनमध्ये लाफायेट बुलेवार्डवर अमेरिकन कोनी आयलंड आणि लाफायेट कोनी आयलंड ही दोन हॉटेलं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, पहिलं १९१७ मध्ये गस्ट केरोस या ग्रीक माणसाने सुरू केलं आणि शेजारचं त्याच्या भावाने. नाव मात्र न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरून घेतलेलं. इथली माणसं आजही त्या दोघांत कुठलं भारी यावर भांडतात.

आता कामाची गोष्ट. या सॉसमध्ये बीन्स नसतात. राजमा नाही, काळे बीन्स नाहीत, मक्याचे दाणे नाहीत, सिमला मिरचीचे तुकडे नाहीत. मांस अगदी बारीक असतं, रव्यासारखं, दातांखाली एकही मोठा तुकडा येत नाही आणि सगळं एकजीव होऊन सॉसेजवर बसतं. बहुतेक व्हेज चिलीच्या रेसिप्या राजम्याचा डबा उघडून सुरू होतात, आणि मग पावात राजम्याची उसळ भरल्यासारखं होतं, चवीला चांगलंच लागतं पण पहिल्या घासाला सगळे दाणे मांडीवर. राजमा चिली वाटीत घेऊन चमच्याने खा, हॉट डॉगवर घालू नका.

दुसरी गोष्ट, हा सॉस झणझणीत नसतो. तिखटपणा अगदी बेताचा. त्याची मजा आहे ती स्निग्धपणात, रवाळपणात आणि हळू शिजल्यामुळे आलेल्या खोल चवीत. आपला हात आपोआप गरम मसाल्याकडे आणि कोथिंबिरीकडे जातो, तो थांबवा. गरम मसाला पडला की तो खिमा-पावाचा भाऊ होतो, आणि खिमा-पाव ही वेगळी, स्वतःच्या जागी उत्तम गोष्ट आहे.

मांसाच्या जागी काय

मी मसूर, टोफू, फणस, किसलेलं फ्लॉवर, सगळं करून बघितलं. अख्खा मसूर बऱ्यापैकी जमतो पण तासाभरात पीठ व्हायला लागतो. टोफू पाणी सोडतो. शेवटी टिकलं ते आपलं सोया ग्रॅन्युल्स आणि त्याच्या जोडीला मशरूम आणि थोडे अक्रोड.

सोया ग्रॅन्युल्स इंडियन ग्रोसरीत मिळतातच, इथल्या सुपरमार्केटात टीव्हीपी नावाने मिळतात, बॉब्ज रेड मिलचं पाकीट बऱ्याच ठिकाणी दिसतं, दोन्ही एकच. फक्त काही ब्रँडचे दाणे ज्वारीएवढे मोठे असतात, ते कोरडेच मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा नुसते फिरवून घ्या, पीठ नको, जाडसर रव्याइतकं.

इथे एक गोष्ट समजून घेतलीत तर निम्मं काम झालं. सोया ग्रॅन्युल्स बनतात ते सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठापासून. म्हणजे त्यात प्रथिनं भरपूर, वजनाच्या साधारण निम्मी, पण स्निग्धांश जवळपास नाहीच. आणि खऱ्या कोनी सॉसचा सगळा गोडवा मांसातल्या चरबीत असतो. त्यामुळे इथे तेल आपल्याला बाहेरून द्यावं लागतं आणि ते हात आखडून चालत नाही. हेल्दी करायचं म्हणून एक चमचा तेलात हा सॉस केला तर तो भुशासारखा लागतो, वर कितीही मसाले घाला. अक्रोड त्यासाठीच, त्यातलं तेल हळूहळू सुटतं आणि सॉसला जडपणा येतो. मशरूम चवीसाठी, परतून पाणी आटलं की जी दाट, मांसल चव येते ती दुसऱ्या कुठल्या भाजीत नाही.

दुकानात जाताना

खालचं प्रमाण दहा ते बारा हॉट डॉगना पुरतं. कप म्हणजे अमेरिकन, २४० मिलीचा.

सोया ग्रॅन्युल्स १ कप (कोरडे)
मशरूम १ खोकं, साधारण २२५ ग्रॅम
अक्रोड अर्धा कप
मोठा कांदा १ सॉससाठी, आणि वरून घालायला अजून १
लसूण ४ मोठ्या पाकळ्या
टोमॅटो पेस्ट ४ टेबलस्पून (प्युरी नाही, ती छोट्या डब्यातली घट्ट पेस्ट)
तेल ५ टेबलस्पून
अमेरिकन चिली पावडर २ टेबलस्पून
पॅप्रिका १ टेबलस्पून
जिरेपूड दीड टीस्पून
काळी मिरीपूड अर्धा टीस्पून
दालचिनीची पूड आणि ऑलस्पाइस, प्रत्येकी पाव टीस्पून
सोया सॉस दीड टेबलस्पून
पिवळी मस्टर्ड १ टेबलस्पून
चिंचेचा कोळ १ टीस्पून आणि गूळ १ टीस्पून
ॲपल सायडर व्हिनेगर १ टेबलस्पून
सॉल्टीन क्रॅकर्स (पातळ, खारट बिस्किटं) ६ ते ८
मीठ शेवटी

यातल्या चिली पावडरबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. इथल्या दुकानात 'चिली पावडर' लिहिलेली बाटली म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. तो एक तयार मसाला आहे, सौम्य सुक्या मिरच्या, जिरं, ओरेगॅनो, लसूण, बहुतेक वेळा मीठसुद्धा. १८९० च्या दशकात टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने अशी पावडर विकायला सुरुवात केली. आता अमेरिकन रेसिपीत दोन टेबलस्पून चिली पावडर लिहिलेली बघून घरातलं लाल तिखट तेवढंच घातलंत तर ते खाता येणार नाही. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं, पूर्ण पातेलं वाया गेलं आणि मुलांना त्या दिवशी नुसता पाव खावा लागला.

उलट, बाटली मिळत नसेल, म्हणजे तुम्ही पुण्यात किंवा नाशकात बसून हे करत असाल, तर काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड १ टेबलस्पून, जिरेपूड २ टीस्पून, पिझ्झाबरोबर येतात त्या पुड्यांतला ओरेगॅनो १ टीस्पून आणि लसणाची एक पाकळी जास्त, असं करा. पॅप्रिकाच्या जागी पण काश्मिरीच, पण दीड टीस्पूनच, पॅप्रिकापेक्षा ती थोडी तिखट असते. ऑलस्पाइस म्हणजे मसाल्यांचं मिश्रण नाही, ते एका झाडाचं सुकं फळ आहे, आपण कबाबचिनी म्हणतो ती वेगळी. ऑलस्पाइस नसेल तर एका लवंगेची पूड आणि चिमूटभर जायफळ, त्याहून जास्त अजिबात नको.

आणि चिंच-गूळ का, तर बऱ्याच रेसिप्यांमध्ये वूस्टर सॉस असतो आणि त्यात अँकोव्ही हे मासे असतात. नव्याने आलेल्या शाकाहारी लोकांना हे माहीत नसतं कारण बाटली बघून काही कळत नाही. पण त्याच सॉसमध्ये चिंचही असते, मोलॅसिस म्हणजे काकवीही असते, व्हिनेगरही असतं. म्हणजे चिंच, गूळ, व्हिनेगर, सोया सॉस एकत्र केलं की मासे सोडून त्याच्या जवळपासची चव घरातल्याच सामानातून मिळते. मासे नसलेला वूस्टर सॉसही विकत मिळतो, पण एका चमच्यासाठी मी बाटली आणत नाही.

लेबलं वाचायची सवय इथे फार कामाची आहे. व्हेज हॉट डॉगमध्येसुद्धा काहींत अंड्याचा पांढरा भाग असतो, तुम्ही अंडं खात नसाल तर 'व्हीगन' लिहिलेलंच घ्या. लाइटलाइफचे स्मार्ट डॉग व्हीगन आहेत आणि सगळीकडे मिळतात, फील्ड रोस्टचे महाग पण जास्त चमचमीत. बनमध्ये ब्रिओश असेल तर अंडं आलंच. वर चीज घालणार असाल तर रेनेट (चीज करताना दूध घट्ट व्हायला घालतात ते, काही वेळा प्राण्यांपासूनचं असतं) कुठलं ते बघा, व्हेजिटेबल किंवा मायक्रोबियल लिहिलेलं असलं की निश्चिंत. आणि हॉट डॉग चिली सॉस म्हणून जे छोटे डबे मिळतात त्यात बहुतेक वेळा बीफ असतं, चुकूनही न वाचता उचलू नका.

आता करायला घेऊ

*पहिलं काम सोया.* मोठ्या भांड्यात दोन-अडीच कप पाणी उकळा, चिमूटभर मीठ टाका, गॅस बंद करा आणि ग्रॅन्युल्स त्यात दहा मिनिटं ठेवा. मग बारीक चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा आणि हातांनी दाबून पिळा. परत पाणी, परत पिळा. माझी आई साताऱ्याहून इथे आली होती तेव्हा तिने शेजारी उभं राहून हे तीनदा करून घेतलं होतं, 'अरे वास गेला का बघ आधी, मग पुढचं' असं म्हणत. तिचं बरोबर होतं. सोयाचा तो कच्चा, कडधान्यासारखा वास एकदा सॉसमध्ये शिरला की बाहेर निघत नाही. पिळून मोकळं झालेलं सोया ताटात पसरून ठेवा.

*दुसरं, मशरूम आणि अक्रोड बारीक करणं.* मिक्सरच्या छोट्या भांड्यात, थांबत थांबत, एकेका सेकंदाने. सलग फिरवलंत तर मशरूमची पेस्ट होते आणि ती परतली जात नाही, नुसती शिजते. दोन्ही वेगवेगळं वाटा. मिक्सर नसेल तर सुरीने चिरा, वेळ लागतो पण उत्तम होतं. ओल्या सोयाच्या दाण्याएवढाच आकार हवा, सगळं सारखं दिसलं पाहिजे.

*तिसरं, परतणं.* इथे घाई करू नका, अर्धी चव इथे तयार होते. खऱ्या कोनी सॉसमध्ये मांस बऱ्याचदा न परतता थेट पाण्यात मोकळं करून शिजवतात म्हणजे ते बारीक राहतं. आपल्याला ती चैन नाही, सोयाला स्वतःची चव नाही म्हणून ती भाजून आणावी लागते. जाड बुडाचं पसरट भांडं घ्या, तीन टेबलस्पून तेल तापवा, आधी मशरूम. ती भरपूर पाणी सोडतील, ते पूर्ण आटू द्या, आणि आटल्यावरही थांबू नका, तपकिरी होऊन भांड्याला थोडी लागायला लागली की मग सोया घाला. मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं. सारखं ढवळू नका, पसरून ठेवा, मिनिटभराने उलटा, परत पसरा. कडा खमंग आणि गडद झाल्या पाहिजेत. शेवटी अक्रोड, दोन मिनिटं, आणि सगळं एका ताटलीत काढा.

*चौथं, कांदा-लसूण आणि मसाले.* त्याच भांड्यात उरलेलं तेल, अगदी बारीक चिरलेला कांदा, चिमूट मीठ. गुलाबी नाही, सोनेरी होऊ द्या, सात-आठ मिनिटं. मग लसूण, मग टोमॅटो पेस्ट. पेस्टचा रंग भडक लालवरून विटकरी व्हायला हवा, तोपर्यंत परता, दोन-तीन मिनिटं. कच्च्या पेस्टचा तो आंबट-धातूसारखा स्वाद गेला नाही तर सॉस पास्त्याचा लागतो. आता आच मंद, आणि सगळ्या पुडी एकदम तेलात. हे आपल्याला कोणी शिकवायला नको, फोडणी कळणाऱ्या माणसाला पुडी किती सेकंदांत जळते ते माहीत असतं. अर्धं मिनिट पुरे, शेजारी पाण्याचा कप तयार ठेवा आणि वास सुटला की थोडं पाणी मारा. तेल लालभडक होऊन कडेने सुटेल, मिसळीच्या तर्रीसारखं. ते दिसलं म्हणजे बरोबर चाललंय.

*पाचवं, शिजवणं.* परतलेलं सोयाचं मिश्रण परत भांड्यात, त्यावर तीन कप गरम पाणी. पाण्यात व्हेज स्टॉकचा क्यूब विरघळवलात तर आणखी छान, मग मीठ जपून. सोया सॉस, मस्टर्ड, चिंच, गूळ घाला. व्हिनेगर आत्ता नाही. उकळी आली की आच अगदी कमी करा, झाकण तिरकं ठेवा आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटं विसरा, म्हणजे तसं पूर्ण विसरू नका कारण सोया तळाशी बसतं आणि लागतं, दर पाच-सात मिनिटांनी उलथन्याने तळ खरवडून ढवळायचं. पंधरा मिनिटांत पण तो 'तयार' दिसतो. दिसू दे. तेव्हा तो मसाल्याच्या पाण्यात तरंगणारा सोया असतो, चाळिसाव्या मिनिटाला दाण्यांनी रस आत ओढून घेतलेला असतो आणि मग तो सॉस होतो. पाणी कमी वाटलं तर अर्धा कप गरम पाणी घाला, गार नाही.

*सहावं, दाटपणा.* सॉल्टीन क्रॅकर्स हाताने चुरून अगदी बारीक पूड करा आणि शेवटच्या दहा मिनिटांत थोडी थोडी घाला. मला विचाराल तर कॉर्नफ्लॉवरपेक्षा हे शंभर पट चांगलं, कॉर्नफ्लॉवरने चकचकीत, चायनीज ग्रेव्हीसारखा दिसतो, क्रॅकर्सने मऊ, भरडसर दाटपणा येतो आणि तेलही धरून ठेवलं जातं. भारतात मोनॅको बिस्किटं चालतील, त्यावरचं मीठ लक्षात घेऊन.

किती दाट? पळीवाढा, पण ओघळणारा नाही. उलथनं तळातून फिरवलं की रेघ उमटते, ती दोन-तीन सेकंदांनी हळूच भरून आली पाहिजे. लगेच भरली तर पातळ, भरलीच नाही तर घट्ट. किंवा एक चमचा ताटलीत ठेवा आणि मिनिटभर थांबा, भोवती पाण्याचं वर्तुळ सुटलं तर अजून शिजवायचाय, कारण तेच पाणी उद्या तुमचा पाव भिजवणार आहे. कडेला लाल तेलाची बारीक किनार मात्र हवीच.

गॅस बंद, व्हिनेगर घाला, चव बघा आणि मगच मीठ. सोया सॉस, क्रॅकर्स, मस्टर्ड, चिली पावडर या सगळ्यांत मीठ असतं.

जमलं तर सॉस आदल्या दिवशी करून ठेवा. रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की दालचिनी आणि जिरं वेगवेगळं जाणवेनासं होतं, सगळं एक होतं. पार्टीसाठी मी नेहमी आदल्या रात्रीच करतो. गरम करताना थोडं पाणी लागतं कारण सोया रात्रभर पाणी पीतच राहतं.

हॉट डॉग आणि पाव

व्हेज हॉट डॉग हे बहुतेक आधीच शिजलेले असतात, आपल्याला फक्त गरम करून रंग आणायचा असतो. जास्त वेळ ठेवले की रबर. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा, पुसून घ्या, सुरीने तिरप्या उथळ चिरा मारा आणि थोड्या तेलावर तव्यात फिरवत तीन-चार मिनिटं भाजा. खऱ्या कोनीत सॉसेजच्या आतड्याच्या सालीमुळे दातांखाली कट्कन आवाज होतो, ती साल इथे नाही, या भाजलेल्या चिरांमुळे निदान थोडा कुरकुरीतपणा येतो.

पाव भाजू नका. कोनीचा पाव वाफवलेला, गरम आणि मऊ असतो. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात अर्धा-पाऊण मिनिट पुरतो. पात्र नसेल तर ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंद.

आता रचना. पावात हॉट डॉग, त्यावर लांबीभर दोन मोठे चमचे गरम सॉस, त्यावर पिवळ्या मस्टर्डची एक रेघ, सगळ्यात वर कच्चा कांदा, आणि कांदा कोशिंबिरीला चिरतो त्याहून बारीक. हाच क्रम. इथला कोनी खाणारा माणूस त्यावर केचप घालत नाही आणि घालायची गरजही पडत नाही, गोडी सॉसमध्ये आहे. कांदा गाळू नका, आत मऊ आणि स्निग्ध सगळं असताना वर काहीतरी करकरीत, झोंबणारं पाहिजे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मी मसाल्यांच्या आधी तेलात पाव टीस्पून हिंग घालतो, टोमॅटो पेस्ट थोडी जास्त परततो, लसूण नसलेली चिली पावडर घरी करतो आणि वर बारीक चिरलेला कोबी घालतो. त्यात ओढूनताणून काही नाही, वेस्ट व्हर्जिनियात चिली सॉसच्या हॉट डॉगवर कोबीचं सॅलडच घालतात.

थोडे फेरफार

डेट्रॉइटपासून तासाभरावरच्या फ्लिंट गावात कोनी सॉस कोरडा असतो, रस जवळपास नाही, नुसता मोकळा मसालेदार खिमा. तसा हवा असेल तर पाणी दोनच कप, क्रॅकर्स नाहीत, आणि शेवटी झाकण काढून मोकळं होईपर्यंत परता. पाव अजिबात भिजत नाही म्हणून मुलांच्या डब्याला हा बरा.

ओहायोतल्या सिनसिनाटीची तऱ्हा अजून वेगळी. तिथली चिली मॅसेडोनियाच्या किराजिएफ बंधूंनी १९२२ मध्ये सुरू केली आणि तिच्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस स्पष्ट जाणवतात. वरच्या कृतीत दालचिनी आणि ऑलस्पाइस अर्धा-अर्धा टीस्पून करा, चिमूटभर लवंगपूड आणि एक टीस्पून बिनसाखरेचा कोको घाला, सॉस थोडा पातळ ठेवा, आणि वर अगदी केसासारखं बारीक किसलेलं चेडर चीज, मूठभर, ढिगारा करून. तिथे हीच चिली स्पगेटीवरही घालतात. माझ्या मते मराठी जिभेला ही तऱ्हा पटकन आवडते, दालचिनी-लवंग आपल्या ओळखीची, फक्त त्यात थोडा गोडसर कोको आला की ती अनोळखी होते आणि लोक विचारतात यात काय आहे.

कुकआउटला नेताना

चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, किंवा मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला नेत असाल तर सॉस छोट्या स्लो कुकरमध्ये 'वॉर्म'वर ठेवा, अर्ध्या तासाने ढवळा, पाण्याचा शिंतोडा मारा. भांड्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हेज' आणि 'अक्रोड आहेत' दोन्ही लिहा, इथे अक्रोडाची ॲलर्जी असलेली मुलं असतात आणि हा सॉस दिसायला इतका मांसाचा वाटतो की विचारायचं कोणाला सुचत नाही. शाळेच्या कार्यक्रमाला नेणार असाल तर अक्रोड काढूनच टाका आणि तेल एक टेबलस्पून वाढवा. सॉसचा डाव वेगळा ठेवा आणि त्यावर लक्ष ठेवा, शेजारच्या बीफच्या भांड्यातला डाव याच्यात यायला एक क्षण लागतो. ग्रिलवर जागा मागताना संकोच करू नका, घरून ॲल्युमिनियम फॉइलचा मोठा तुकडा न्या, एका कोपऱ्यात अंथरा आणि त्यावर आपले हॉट डॉग भाजा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं शेजाऱ्याला काय वाटेल, तर त्याने स्वतःच वेगळा चिमटा आणून दिला.

वीस-पंचवीस माणसांसाठी सगळं दुप्पट-अडीचपट करताना पाणी मात्र त्या हिशोबाने वाढवू नका, मोठ्या भांड्यात आटायला वेळ लागतो, दुपटीला पाच कप पुरतं. आणि सोया एकदम सगळं परतायला टाकू नका, दोन-तीन घाण्यांत परता, गर्दी झाली की ते भाजत नाही, वाफेवर मऊ पडतं.

उरलेला सॉस फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीजरमध्ये तीन महिने छान राहतो. झिपच्या पिशवीत सपाट करून गोठवा म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. फ्राइजवर घाला, उकडलेल्या बटाट्यात भरा, आणि घरात पाव संपलेला असेल तर गरम पोळीत सॉस, कच्चा कांदा आणि मस्टर्डची रेघ घालून गुंडाळी करा, आमच्याकडे रविवारच्या सकाळी मुलं तीच मागतात.